चार नंबरचे काका ऐकत नाहीत

पहिली नोकरी लागून मला सात महिने झाले होते. रोज सकाळी युनिफॉर्म अंगावर चढवताना लग्नघरी निघाल्यासारखं वाटायचं. भिवंडीतल्याच एका इस्पितळात, छातीच्या आजारांच्या पुरुष वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. घरापासून चालत वीस मिनिटं. धामणकर नाक्यावर रिक्षावाले 'शेलार, शेलार' ओरडत असायचे, त्यांच्यातून वाट काढत मी जवळजवळ पळतच जायचे. वॉर्डात शिरलं की आज कोणाचा ताप उतरला, कोणाची नळी निघणार, कोणाला घरी सोडणार हे बघायची मला घाई असायची.

नऊ खाटांचा वॉर्ड होता. एका टोकाला आम्हा नर्सेसचं केबिन, त्याला जाड काच आणि घट्ट बसणारं दार. काचेच्या आत मास्क काढून चहा पिता यायचा. बाहेर पाऊल टाकलं की मास्क लावायचाच, वॉर्डच छातीच्या रोगांचा असल्यामुळे त्यात कोणाला सूट नव्हती. चार नंबरची खाट काचेच्या अगदी समोर होती, आणि त्या खाटेवर शेलार गावचे काका होते.

पन्नाशी उलटलेले, काटक अंगाचे, तीस वर्षं लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवलेले. आले तेव्हा त्यांना धड बसताही येत नव्हतं. महिनाभर ताप आणि खोकला अंगावर काढला होता. न्यूमोनिया वाढून उजव्या फुप्फुसाभोवती पू साचला होता आणि त्याच्या दाबाखाली फुप्फुस आक्रसून गेलं होतं. आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणायचे, त्यांनी बरगड्यांच्या मधून नळी घालून ती खाटेखालच्या बाटलीत सोडली. पहिल्याच दिवशी बाटली अर्धी भरली. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, चौथ्या दिवशी ताप उतरला. इथवर सगळं आमच्या पुस्तकात होतं तसंच झालं. पुढे मात्र फुप्फुस उघडायचं नाव घेईना.

दाबलं गेलेलं फुप्फुस पुन्हा फुगायला निम्मी मेहनत रुग्णालाच करावी लागते. त्यासाठी आम्ही एक प्लॅस्टिकचं यंत्र देतो. त्यात तीन खाने, प्रत्येक खान्यात एक रंगीत चेंडू. नळी तोंडात धरून जोरात श्वास आत ओढला की चेंडू वर उडतात. आधी एक, मग दोन, छाती सुधारली की तिन्ही. दर तासाला दहा वेळा करायचं. फिजिओथेरपीचे सर रोज येऊन काकांना हे सांगायचे. काका मन लावून बघायचे, मान डोलवायचे, "हां हां" म्हणायचे. सर गेले की यंत्र कपाटावर. मी हातात दिलं की ते नळी तोंडात धरून जोरात फुंकायचे. फुंकून चेंडू हलत नाहीत. मी म्हणायचे, काका, ओढायचं, फुंकायचं नाही. ते म्हणायचे, "हां बाय," आणि पुन्हा फुंकायचे.

दुखतंय का विचारलं तर हो. दुखत नाही ना विचारलं तरीही हो. मग मीही विचारायचं कमी केलं. ते उजव्या अंगावर मुडपून पडलेले असायचे आणि मी इंजेक्शन देऊन पुढच्या खाटेकडे जायचे.

त्यांची बायको, काकी, रोज दुपारी शेअर रिक्षाने शेलारहून यायच्या. भाकरी, भाजी, कधी सुकटीची चटणी. त्यांच्याकडे तक्रार केली तर त्या कपाळाला हात लावायच्या. हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता, म्हणायच्या, पण दहा-बारा वर्षांत फार बदलला. घरात काही सांगितलं तर ऐकत नाही, विचारलं तर भलतंच उत्तर देतो, पाहुणे आले की उठून ओटीवर जाऊन बसतो. मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही सगळ्याला हो म्हणून मोकळा झाला. स्वभावाला औषध नाही, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं आणि मीही तसंच धरलं. फाइलवर मी माझ्या हाताने लिहिलं, 'रुग्ण सूचना पाळत नाही.' अक्षर चांगलं वळणदार काढल्याचंही आठवतं.

सहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, राउंडला मॅडमनी नवा एक्स-रे उजेडाला धरला. उजवी बाजू खाली पांढरीधोप. त्या म्हणाल्या, सोमवारी पुन्हा एक्स-रे काढू, फरक नसेल तर मुंबईला मोठ्या ऑपरेशनसाठी पाठवावं लागेल. त्या हे काकांच्या उशाशी उभ्या राहूनच बोलल्या, मास्कमधून. काका मान डोलवत होते.

राउंड संपल्यावर मी केबिनमध्ये आले, दार लावलं, मास्क उतरवला. बरोबरची सिस्टर चहा ओतत होती. मी वैतागले होते. काचेकडे तोंड करून तिला म्हटलं, "चार नंबरचे काका फार हट्टी आहेत गं. सोमवारी मुंबईला गेले, छाती उघडली, की मग कळेल त्यांना."

कप ओठाला लावते तोच समोर काका खाटेवरून उतरताना दिसले. एका हातात खाटेखालची बाटली, दुसरा हात बरगडीवर. हळूहळू चालत ते काचेपाशी आले आणि बोटाने काच वाजवली. मी दार उघडलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी हट्टी न्हाय," ते मोठ्याने म्हणाले. "मना मुंबईला कशाला धाडता? न् छाती उघडनार म्हंजे काय?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. आम्ही आत हळू आवाजात बोललो होतो. दार लागलेलं होतं, वर पंखा घरघरत होता. काचेला लागून असलेल्या खाटेवरच्या रुग्णालाही काही ऐकू गेलं नव्हतं. आणि दोन हातांवरून ओरडून सांगितलं तरी ज्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, त्या काकांना शब्द न् शब्द कळला होता.

मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला आणि हातातला चहा युनिफॉर्मवर सांडला.

माझे वडील जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. पत्र्याच्या छपराखाली चाळीस लूम एकदम चालू असले की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. तिथे कोणी बोलत नाही. तोंडं हलतात, हात हलतात, आणि या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाचं सगळं कळतं. वडील दारातल्या मला बघून आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारायचे, शाळेत गेलीस का, आईने काय केलंय आज. मी तशीच उत्तरं द्यायचे. आठ-नऊ वर्षांची असताना मला ते इतकं जमायचं की वर्गात मागच्या बाकावरच्या मैत्रिणीशी मी तसंच बोलायचे.

म्हणजे साऱ्या इस्पितळात हे ज्या एका मुलीला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, ती मीच होते. सहा दिवस मी त्या माणसाशी मास्क लावून बोलत होते.

मी पुन्हा काचेच्या आत गेले. दार लावलं. काकांकडे तोंड केलं आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, काका, मी आत्ता काय बोलले?

काका हसले. सहा दिवसांत पहिल्यांदा. "तू ईचारतंस, मी आत्ता काय बोलले."

मग मास्क चढवून मी बाहेर आले आणि दोन हातांवरून, चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, काका, तुम्हाला ऐकू येतं का?

त्यांनी मान डोलवली. "हां हां."

मला हसूही आलं आणि रडूही. पाच नंबरच्या खाटेवर दम्याचे एक चाचा होते, उत्तरेकडून आलेले, तेही लूमवालेच. ते शांतपणे म्हणाले, "मुझे तो पहले दिन से मालूम है, सिस्टर. ऊँचा सुनता है बेचारा. हम लोग तो इशारे में दिन भर बात करते हैं. आपने पूछा ही नहीं."

सहा दिवस त्या दोघांचे हातवारे मी बघत होते. मला वाटायचं, दोघं वेळ घालवायला काही खेळतात.

मी काकांना खाटेवर बसवलं, बाटली खाली ठेवली, आणि काचेआड जाऊन पुन्हा बोलायला लागले. मी ओठांनी विचारायचे, ते आवाजात उत्तर द्यायचे. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नसल्याने सारा वॉर्ड ऐकत होता. पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. किती दिवसांचं साठलेलं होतं कोणास ठाऊक, ते थांबेचनात.

कान बारा-पंधरा वर्षांपासून कमी होत गेला होता. कारखान्यात त्यामुळे काही अडलं नाही, तिथे सगळेच ओठांवर चालायचे. अडायचं बाहेर. सुरुवातीला ते "काय? काय?" विचारायचे. लोक हसायचे, भाचे-पुतणे नकला करायचे. मग त्यांनी एक उपाय शोधला, आणि तो सांगताना त्यांना थोडी लाज वाटत होती, थोडा अभिमानही. "हां म्हनलं का समोरचा मानूस खूश व्हतो न् निघून जातो."

ताप आला तेव्हा ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत असं काकींना वाटत होतं. ते दोनदा गेले होते. एका ठिकाणी कंपाउंडर आतून नंबर पुकारायचा. काका तीन तास बसले, त्यांच्या मागून आलेले लोक औषध घेऊन गेले, आणि शेवटी दवाखाना बंद झाला. दुसऱ्या वेळीही तेच. घरी येऊन त्यांनी सांगितलं, डॉक्टर नव्हता. मग मेडिकलच्या दुकानातून तापाच्या गोळ्या आणून खात राहिले. तेवढ्यात पू झाला.

एवढ्या मोठ्या आजाराचं मूळ मला समोर दिसत होतं, आणि ते एक्स-रेत कुठेच दिसणार नव्हतं.

मी मॅडमना शोधायला धावले. त्या ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये होत्या, आणि मी धापा टाकत जे काही सांगितलं ते त्यांना पहिल्यांदा समजलंच नाही. शांत हो, म्हणाल्या. पुन्हा सांगितलं. त्यांनी मान तिरकी केली आणि माझ्याबरोबर वॉर्डात आल्या. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. मॅडम त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने हाक मारली. काही नाही. मग त्यांनी ड्रेसिंगचा रिकामा स्टीलचा ट्रे उचलला आणि फरशीवर सोडून दिला. वॉर्डभर दणका झाला. तीन नंबर दचकून उठले, चाचांनी कानावर हात ठेवले. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

मॅडमनी ट्रे उचलून जागेवर ठेवला. मग त्यांनी फाइल मागितली. माझ्या वळणदार अक्षरावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'ऐकू येत नाही. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोलावं.' माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सहा दिवस गेले. सोमवारपर्यंत चार आहेत. काय करता येतं बघ."

थुंकीच्या तपासणीत काकांना क्षय नसल्याचं आलेलंच होतं. त्यामुळे मॅडमनी स्टोअरमधून मास्कऐवजी चेहऱ्यावर लावायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण काढून दिलं. ते लावलं की ओठ दिसायचे. फिजिओच्या सरांनाही दिलं. सर बिचारे खजील झाले होते. मी म्हटलं, सर, आपण सगळेच होतो त्यात.

पहिला उलगडा दुखण्याचा झाला. त्यांना नळीच्या जागी इतकं दुखत होतं की पूर्ण श्वास घेणं शक्यच नव्हतं. दुखलं की गोळी मागा, असं आम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांनी हां म्हटलं होतं. आता व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी द्यायचं ठरलं. गोळीने काम केलं, काका सरळ बसले.

मग यंत्र. मी नळी तोंडात धरल्यासारखं करून गाल आत ओढून दाखवले. काकांनी कपाळावर आठ्या घातल्या. मग त्यांनी चाचांकडे बघून हाताने काहीतरी खूण केली. चाचा हसले आणि मान हलवली. काकांनी माझ्याकडे वळून दोन्ही हातांत काहीतरी आडवं धरल्यासारखं केलं, ते तोंडाशी नेलं, आणि एक झटका देऊन श्वास आत घेतला.

"असां? धोट्यातून सूत वढतात तसां?"

मी जागच्या जागी उडी मारली. जुन्या लूमवर धोटा असतो, आडवं सूत या बाजूने त्या बाजूला नेणारा लाकडी तुकडा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून, सुताचं टोक बारीक भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढतात. माझे वडीलही काढायचे. तीस वर्षं दिवसातून शेकडो वेळा या माणसाने तोंडाने सूत ओढलं होतं. ओढायचं कसं हे त्यांना आमच्यापैकी कोणीही शिकवायची गरज नव्हती.

अगदी तसंच, मी ओठांनी म्हटलं. फक्त हळू आणि लांब. लांबच लांब सूत.

त्यांनी नळी तोंडात धरली. पहिला चेंडू थरथरला, अर्ध्यावर गेला, खाली पडला. पुन्हा. या वेळी टक्कन वर जाऊन चिकटला. काकांनी डोळे विस्फारून त्याच्याकडे बघितलं. इतके दिवस हे खेळणं आपल्याला कशाला दिलंय हेच त्यांना माहीत नव्हतं. मग खोकला सुरू झाला, दुखलं, डोळ्यांत पाणी आलं, पण खोकल्यानंतर छातीच्या नळीतून बाटलीत पुवाचा एक मोठा लोट आला. मी बाटलीवर पट्टी चिकटवून खूण केली. नर्सला पू बघून आनंद होतो हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मला त्या क्षणी कोणी पेढे वाटायला सांगितले असते तर मी वाटले असते.

त्या दिवसापासून चाचांनी मोजायचं काम अंगावर घेतलं. दर तासाला ते हाताने खूण करायचे, कारखान्यात लूम चालू करायची जी खूण असते ती. काका यंत्र उचलायचे. चाचा बोटांवर दहा मोजायचे. कमी झालं तर बोट वर धरून अडवून बसायचे.

शुक्रवारी दुपारी काकी आल्या. त्यांना मी केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल, मी तर ती बातमी सांगायला सकाळपासून अधीर झाले होते. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. उठल्या, काकांच्या खाटेपाशी गेल्या, आणि पदर तोंडाला लावून रडत बोलायला लागल्या. बारा वर्षं मी तुमच्याशी बोलतेय, म्हणाल्या, तुम्ही उत्तर देत नाही. "मना वाटायचा, मी नकोशी झाले तुमाला. एकदा सांगायचा तरी."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग हात पुढे करून म्हणाले, "पदर काढ तोंडावरचा. मना दिसत न्हाय तू काय बोलतंस."

काकींनी पदर खाली केला. पुन्हा पहिल्यापासून सगळं बोलल्या, या वेळी त्यांच्या तोंडाकडे तोंड करून, हळूहळू. मी पडदा ओढला आणि निघून आले. काका काय म्हणाले ते मात्र पडद्यातून वॉर्डाला ऐकू आलं, कारण त्यांना हळू बोलता येतच नव्हतं. ते म्हणाले, मला भीती वाटायची, बहिरा म्हटलं की माणसाला कोणी काही विचारत नाही. आणि नंतर म्हणाले, तुझा आवाज कसा होता ते मला आठवतं.

शनिवारी दुसरा चेंडू वर गेला. दिवसभरात चार वेळा. ताप नव्हता. भाकरी पूर्ण खाल्ली, वर चटणी मागितली. काकी शिकवल्याप्रमाणे त्यांना धरून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत होत्या, बाटली स्वतःच्या हातात घेऊन. चालता चालता त्या वळून त्यांच्या समोर यायच्या, काहीतरी बोलायच्या, पुन्हा बाजूला जायच्या. दहा पावलांना दहा मिनिटं लागत होती.

रविवारी माझी सुट्टी होती. आई म्हणाली, आज तरी घरी बस. मी भाजी आणते सांगून निघाले आणि थेट वॉर्डात गेले. काकांनी मला साध्या कपड्यांत ओळखलंच नाही आधी. मग यंत्र उचलून दाखवलं. दोन चेंडू वर, तिसरा तळाशी जरा हलला. चाचांनी दोन्ही हात वर केले. आई अजून म्हणते, त्या दिवशीची भाजी संध्याकाळी आली.

सोमवारी सकाळी एक्स-रेला नेलं तेव्हा व्हीलचेअर मीच ढकलत होते. खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. अँटिबायोटिक चालू होतं, नळी चालू होती. पण इतके दिवस बंद राहिलेलं फुप्फुस चार दिवसांत किती उघडणार हे मॅडमनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, फार आशा धरू नकोस, कधी कधी पू घट्ट होऊन जाड साल धरते, मग कितीही श्वास ओढला तरी उपयोग नसतो.

एक्स-रे आला. मॅडमनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. जुन्यात जिथे पांढरं होतं, तिथे आता वरपासून खालपर्यंत काळी हवा भरलेली दिसत होती. फक्त अगदी तळाशी एक पांढरी किनार उरली होती. मॅडमनी त्या किनारीवर बोट ठेवून बघितलं. मग मुंबईच्या चिठ्ठीचा कागद, जो त्यांनी अर्धा लिहून ठेवला होता, दुमडून डब्यात टाकला.

"नळी आणखी तीन दिवस ठेवू," त्या म्हणाल्या. "मग काढू. जा, सांग त्यांना. समोर उभी राहून सांग."

मी धावले नाही, कारण वॉर्डात धावायचं नसतं, पण चालले असंही म्हणता येणार नाही. काका खाटेवर बसले होते, काकी डबा उघडत होत्या. मी समोर उभी राहिले आणि आवरणाआडून, आवाज न काढता, ओठांनी सांगितलं. काकांनी ते काकींना सांगितलं. काकींनी डबा तसाच ठेवला आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, प्लॅस्टिकसकट.

गुरुवारी नळी निघाली. पुढच्या आठवड्यात ते घरी गेले. जाण्याआधी मॅडमनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीचा आलेख आला. लूमच्या आवाजाने आतल्या नसा गेल्या होत्या, परत येण्यासारख्या नव्हत्या. कानाला यंत्र लावून थोडं ऐकू येईल, असं ते डॉक्टर म्हणाले. यंत्र मिळालंही, पण काकांना ते फारसं आवडलं नाही. सगळंच एकदम कानात ओततं, म्हणाले, भांडी, कुत्रे, पंखा. मुलीचा फोन आला की तेवढ्यापुरतं लावायचे.

आमच्या वॉर्डात त्यानंतर एक नियम झाला. लूमवर काम केलेला कोणीही दाखल झाला की पहिल्याच दिवशी मागे उभं राहून त्याचं नाव घेऊन बघायचं. पहिल्या महिन्यातच कमी ऐकू येणारे आणखी कितीतरी जण निघाले. त्यातले दोघे आधीच्या खेपेच्या आमच्या नोंदीत 'सूचना पाळत नाही' होते. मी एका रविवारी वडिलांनाही तपासायला नेलं. ते चिडले, मग मशीनसमोर बसले, आणि त्यांचाही आलेख काकांसारखाच खाली उतरत गेलेला निघाला. घरी आम्ही टीव्हीच्या आवाजावरून त्यांच्याशी भांडायचो, ते त्या दिवशी थांबलं.

दोन महिन्यांनी काका-काकी तपासणीसाठी आले. मी ओपीडीत काही कागद द्यायला गेले होते. दोघं बाकावर समोरासमोर तोंड करून बसले होते. काकांचं वजन वाढलं होतं. लूम सोडून ते आता त्याच कारखान्यात कापड तपासायच्या टेबलावर बसत होते, आवाजापासून दूरच्या खोलीत. काकी त्यांच्याशी बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज येत नव्हता. नुसते ओठ आणि अधूनमधून हात. शिकल्या होत्या. समोरून एक फार लठ्ठ साहेब छोट्याशा कुत्र्याला कडेवर घेऊन चालले होते, इस्पितळात कुत्रा घेऊन कोण येतं कोणास ठाऊक, आणि काकी त्यांच्याकडे डोळ्याने खूण करून काहीतरी म्हणाल्या. काका इतके मोठ्याने हसले की सगळी ओपीडी वळून बघायला लागली. खोकला आला नाही.

काकी काय म्हणाल्या ते मला अर्धंच कळलं. मी विचारणार होते, पण तेवढ्यात दोघं आत गेले.